हूथींच्या क्लिपा आपल्या ग्रुपवर कोण फिरवतंय आणि का?

दर्यावर्दी
बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज घरच्या वॉट्सॅप ग्रुपवर परत तीच क्लिप पडली म्हणून बसलोच लिहायला. येमेनमधल्या हूथी ह्या सशस्त्र गटाने पकडलेल्या गॅलेक्सी लीडर जहाजाची. १९ नोव्हेंबर २०२३, लाल समुद्र, चालत्या जहाजाच्या डेकवर हेलिकॉप्टर येतं, तोंडं झाकलेली माणसं उतरतात, घोषणा देत ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात तिथे घुसतात, आत ड्यूटीवरचे लोक हात वर करून उभे. त्यावर कुणीतरी ढोलाच्या ठेक्याचं अरबी गाणं चढवलंय आणि खाली आमच्या भाच्याने लिहिलंय, 'कडक ना मामा!'

मी सतरा वर्षं जहाजावर काढली, त्यातली बरीच चीफ ऑफिसर म्हणून, त्यामुळे मला त्या क्लिपमध्ये हेलिकॉप्टर दिसतच नाही, मला ती हात वर केलेली माणसं दिसतात. आणि दुसरं काय दिसतं तर कॅमेरे. नीट बघा, एक जण वरून शूट करतोय, उतरणाऱ्यांच्या अंगावर पण कॅमेरे आहेत, म्हणजे बंदुका किती न्यायच्या हे ठरवताना कॅमेरे किती आणि कुणाकडे हे पण ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी एडिट होऊन बाहेर. हेलिकॉप्टरवर येमेनचा आणि पॅलेस्टाईनचा झेंडा.

जहाज कुठलं? कार कॅरिअर, रिकामं, तुर्कीहून आपल्या पिपावावला गाड्या भरायला येत होतं. मालकीत एका इस्रायली उद्योगपतीचा संबंध, चालवणारी कंपनी जपानी, झेंडा बहामाचा. वर २५ खलाशी, फिलिपिनो, बल्गेरियन, रोमानियन, युक्रेनियन, मेक्सिकन. इस्रायली एक पण नाही. ही माणसं सुटली २२ जानेवारी २०२५ ला. चौदा महिने! आणि मधल्या काळात तेच जहाज किनाऱ्याजवळ उभं करून त्याची जत्रा केली, लोक होडीने जाऊन सेल्फी काढायचे, डेकवर नाचायचे, त्याचेही व्हिडिओ. पकडल्याची क्लिप आमच्या ग्रुपवर निदान पाच वेळा आली असेल, सुटल्याची एकदाही नाही.

तर प्रश्न असा, की हे व्हिडिओ नक्की कुणासाठी बनतात? कारण ज्यांच्यावर हे लोक राज्य करतात ते काय आनंदात आहेत असं नाहीये. सप्टेंबर २०१४ मध्ये येमेनची राजधानी सना घेतली, २०१६ नंतर तिथल्या सरकारी नोकरांना, शाळामास्तरांना धड पगार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे जहाजाच्या क्लिपा जगभर गाजत होत्या तेव्हाच, युनोच्या अन्न कार्यक्रमाने त्यांच्या भागातलं सरसकट धान्यवाटप थांबवलं, पैशाची चणचण आणि धान्य कुणाला द्यायचं यावर हूथींशी एकमत होईना. जून २०२४ मध्ये युनोच्याच कर्मचाऱ्यांना आणि संस्थांमधल्या लोकांना उचलून आत टाकलं. माझं मत असं की लांबच्या माणसाला गोळा करायचं हे तंत्र आहे, जवळचा माणूस गोळा करायला बंदूक आहेच. तुम्हाला काय वाटतं लिहा.

मुक्ता_प
धागा चांगला आहे पण तुम्ही मूळ मुद्दा गाळलात असं वाटतं. गाझा. मार्च २०१५ पासून सौदी आघाडी येमेनवर बॉम्ब टाकत होती, तेव्हा पण हूथींकडे हेच कॅमेरे होते, हीच गाणी होती, त्यांचा अल मसीराह चॅनेल तर २०१२ पासून चालू आहे, बैरूतमधून चालवतात. तेव्हा त्यांनी सौदी रणगाडे जळतानाच्या चिकार क्लिपा सोडल्या. तुमच्या भाच्याने एक तरी फॉरवर्ड केली होती का? नाही ना. मग एडिटिंगला कशाला एवढं श्रेय देताय. ऑक्टोबर २०२३ नंतर लोकांनी रोज मोबाईलवर मेलेली लेकरं बघितली, मोठी मोठी सरकारं निषेधाचं पत्रक काढून गप्प बसली आणि ह्यांनी काहीतरी केलं, निदान केल्यासारखं दाखवलं. लोकांच्या पोटात आग आधीच होती.

दर्यावर्दी
मुक्ताताई, अर्धं मान्य. आग आधीची होती हे शंभर टक्के. पण म्हणूनच मी म्हणतो की दुःख उसनं घेतलंय. गाझातल्या लेकरांचं दुःख घेतलं आणि त्याची वसुली कुणाकडून, तर २३ डिसेंबर २०२३ ला एमव्ही साईबाबा, त्यावर २५ भारतीय. २६ जानेवारी २०२४ ला मार्लिन लुआंडा, त्यावर २२ भारतीय, टाकीला आग, आपल्या आयएनएस विशाखापट्टणमची फायर पार्टी जाऊन तासन् तास झगडली. ६ मार्चला ट्रू कॉन्फिडन्स, तिथे तीन खलाशी मेले, दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी, उरलेल्यांना आयएनएस कोलकाताने उचललं. ह्या मेलेल्या माणसांचे चेहरे कुठल्या रीलमध्ये बघितलेत का? जहाज बुडताना दाखवतात, बिनमाणसांची स्फोटकं भरलेली होडी येऊन आदळताना दाखवतात, माणूस मरताना नाही दाखवत, आणि ते काही दयामाया म्हणून नाही, इंजिनरूममधला फिलिपिनो ऑइलर मेलेला दाखवला की गोष्टीचा सगळा नूर बदलतो म्हणून.

ऑगस्ट २०२४ चं सूनियन तर कहर होतं. दीड लाख टन क्रूड भरलेला टँकर, खलाशी आधीच सोडवून नेलेले, मग रिकाम्या जहाजावर जाऊन स्फोटकं लावली आणि डेकवर ओळीने उडालेले धमाके पिक्चरसारखे शूट केले. फुटला असता तर लाल समुद्रातल्या कोळ्यांचं, म्हणजे येमेनी कोळ्यांचं पण, वाटोळं झालं असतं.

गण्या_देवरुखकर
बोटवाले काका राहिले की! याह्या सरी, लष्करी प्रवक्ता, युनिफॉर्म घालून तर्जनी हलवत तेच ते निवेदन वाचतो. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर त्याचे स्टिकर आहेत. 'येत्या काही तासांत महत्त्वाचं निवेदन' असं तो टाकतो ना, आम्ही सबमिशनच्या आदल्या रात्री तेच टाकतो. खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या लोकांना हूथी म्हंजे काय, येमेन कुठे आहे काही पत्ता नाही, नुसता मीम म्हणून चाललंय.

आणि तो जानेवारी २०२४ मधला कुरळ्या केसांचा पोरगा, त्याच गॅलेक्सी लीडरवर जाऊन व्हिडिओ केला आणि लोकांनी त्याची तुलना लगेच हॉलिवूडच्या टिमथी शालमेशी केली, पोरी काय फिदा, जहाज राहिलं बाजूला. टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद, तरी आठवड्याभरात इन्स्टावरून पोचला पण.

मस्कतमावशी
मी मस्कतला राहते, ऑफिसात येमेनी लोक बरेच आहेत म्हणून थोडं लिहिते. ते जे ढोलाच्या ठेक्याचं गाणं म्हणताय ना दर्यावर्दी, त्याला झामिल म्हणतात. मुळात ती त्यांच्या टोळ्यांची जुनी पद्धत, लग्नाला वऱ्हाड आलं, दोन घराण्यांचं भांडण मिटवायचं असलं, पाहुणे वेशीवर आले की पुरुष ओळीने उभे राहून दोन दोन ओळी म्हणत येतात, समोरचे उत्तर देतात. हूथींनी ती उचलली, स्टुडिओत नेली, मागे मशीनगनचे शॉट लावले आणि भरतीची गाणी केली. ईसा अल लैथ म्हणून त्यांचा गायक आहे, त्याची गाणी त्यांना शिव्या घालणारे लोक पण गुणगुणतात, कारण चाल आजोबांच्या लग्नातली आहे! हे कुठलं तरी पीआरवालं डोकं बाहेरून आणून होत नाही, आपली माणसं कशावर डोलतात हे माहीत असावं लागतं.

आता गण्याला. आमच्या अकाउंट्समध्ये एक जण आहे येमेनमधल्या तैझ शहराचा. २०१५ पासून हूथींनी तैझची नाकेबंदी केली, शहराच्या ह्या बाजूहून पलीकडच्या अल हौबान भागात जायला आधी दहा पंधरा मिनिटं लागायची ते डोंगरातल्या वाटांनी पाच सहा तास झाले, पेशंट वाटेत दगावले. तो मुख्य रस्ता जून २०२४ मध्ये उघडला, तब्बल नऊ वर्षांनी. एकदा कँटीनमध्ये आमच्यातल्या एका केरळी मुलाने सरीचा स्टिकर दाखवला, मजा म्हणून. तो माणूस काही बोलला नाही, फोन हातात घेतला, स्टिकर बघितला, फोन परत दिला आणि डबा झाकून उठला. नंतर मला म्हणाला, गाझासाठी मी पण रडतो, पण माझ्या आईच्या औषधाची गाडी ह्याच लोकांनी अडवली होती ते कुणाला सांगू, सांगितलं की मी लगेच सौदीचा एजंट ठरतो.

मुक्ता_प
मावशी, हे वाचून गप्प झाले. दर्यावर्दींचा लांबचे जवळचे हा मुद्दा आता जास्त पटतोय. तरी एक शंका राहते. पद्धत वाईट म्हणून गट वाईट असं म्हणता येईल का? म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, त्यानंतर तिथली साधी शिकलेली पोरं जंगलात जाऊन लढायला लागली आणि त्यांचा बराच पैसा सोशल मीडियावरून उभा राहिला. बाहेरचे लोक घरबसल्या ठरावीक व्हिडिओ नि जाहिराती बघत राहायचे, क्लिक करायचे, त्या जाहिरातीचे पैसे लढणाऱ्यांना. तेही सशस्त्र गटच आणि तोच सोशल मीडिया. मग काय करणार?

कल्याणकर
मी कल्याणचा, त्यामुळे ह्या विषयावर आम्हाला बोलायचा अधिकार जरा जास्तच आहे असं समजा. मे २०१४ मध्ये इथले चार तरुण यात्रेकरूंच्या ग्रुपबरोबर इराकला गेले आणि तिथून आयसिसकडे. शिकलेली पोरं, त्यातली काही इंजिनिअरिंगची. त्या वर्षी आमच्या गल्लीबोळात टीव्हीच्या व्हॅन उभ्या असायच्या आणि प्रत्येक जण हेच विचारायचा, की गळे कापायचे व्हिडिओ बघून कुणाला जावंसं कसं वाटतं. माझं मत, ते बघून कुणी जात नाही. तो माल शत्रूला घाबरवायला आणि टीव्हीवर झळकायला. आपल्या माणसाला दाखवायला वेगळा माल होता, बाजार गजबजलाय, दवाखाना चालू आहे, पोरं झोक्यावर, लढणारा मांजर कुशीत घेऊन बसलाय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इनबॉक्समध्ये उत्तर देणारा माणूस. रात्री दोन वाजता तुम्ही काहीही विचारा, तो उत्तर देतो, भाऊ म्हणतो. घरात बाप पेपरातून डोकं वर काढत नाही आणि इथे एवढी आपुलकी!

डिसेंबर २०१४ मध्ये आठवत असेल, आयसिसचं इंग्रजीतलं खूप गाजलेलं ट्विटर अकाउंट, १७ हजारांवर फॉलोअर्स, ते कोण चालवतंय तर बंगळुरात नोकरी करणारा एक जण. सिरियाला कधी गेलेला नाही. ब्रिटनच्या एका चॅनेलने शोधून काढला.

चौघांतला एक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत आला, एनआयएने अटक केली. तेव्हा पेपरात आलं होतं की तिथे त्याला म्हणे संडास साफ करायला आणि लढणाऱ्यांना पाणी पुरवायला लावलं होतं. व्हिडिओत ही ड्यूटी नव्हती.

रोखठोक_७७
सगळे एका माळेचे मणी. सरळ बॅन करा, अकाउंटं उडवा, शेअर करणाऱ्यांना आत टाका. विषय संपला.

टॉर्चवाला
रोखठोक, विषय तिथेच सुरू होतो राव. अमेरिकेने जानेवारी २०२४ मध्ये हूथींना दहशतवादी यादीत टाकलं, मार्च २०२५ मध्ये त्याहून कडक यादीत. अधिकृत खाती उडतात, ते टेलिग्रामवर जातात. पण दर्यावर्दींच्या भाच्याला क्लिप हूथींच्या खात्यावरून मिळाली का? कुठल्या तरी मीम पेजने, त्याच्याकडून दुसऱ्याने, तिसऱ्याने गाणं चढवलं, असं करत आली. कुणाला आत टाकणार, मीमवाल्या गण्याला?

आणि सगळ्यात मोठा वाटा आपल्या न्यूज चॅनेलांचा. गॅलेक्सी लीडरची क्लिप जगातल्या झाडून सगळ्या चॅनेलांनी चालवली कारण दुसरं फुटेजच नव्हतं. समुद्राच्या मध्यात कुठला पत्रकार असणार? ज्याने हल्ला केला त्याच्याकडेच कॅमेरा, त्याचाच अँगल, कुठे कापायचं तेही तोच ठरवणार, आपण फक्त कोपऱ्यातला लोगो आणि वर 'सनसनीखेज व्हिडिओ' एवढी पट्टी लावायची. ही खरी मेख आहे. भाष्य पाहिजे तेवढं विरोधात करा, चित्र त्यांचंच राहतं.

काश्मीरचं उदाहरण घ्या. आधी अतिरेकी म्हटलं की तोंडाला फडकं. २०१५ च्या उन्हाळ्यात हिजबुलच्या बुऱ्हान वानीने अकरा जणांचा ग्रुप फोटो फेसबुकवर सोडला, उघडे चेहरे, सहलीला आल्यासारखे. त्या एका फोटोने किती तरी काम केलं. त्यात पोरांना आपल्या शाळेतला, आपल्या गल्लीतला माणूस दिसला. ८ जुलै २०१६ ला तो मारला गेला तेव्हा खोऱ्यात पुढे महिनोन् महिने काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सरकारकडून इंटरनेट बंद. बंद केलं की अफवा तोंडी फिरतात, त्या तर खोडता पण येत नाहीत.

वैनगंगा
मी गडचिरोली जिल्ह्यातली आहे, नोकरीने आता नागपूरला. तुमच्या चर्चेत एक गोष्ट सांगते, आमच्याकडं नक्षलवाद्यांचं हे सगळं मोबाईलच्या आधी होतं जी. रेंजच नव्हती तर रील कुठून येणार. रस्त्यावर झाडाला झाडाला बांधलेलं लाल बॅनर, फेकलेली पत्रकं, आणि गाणी. चेतना नाट्य मंच म्हणून त्यांचं पथक, गोंडीतून गाणी, चाली आमच्याच रेलाच्या, म्हणजे गोंडी नाचगाण्याच्या. मस्कतमावशींनी झामिलचं लिहिलं ते वाचून मला हेच आठवलं. तेंदूपत्त्याचा भाव, वनरक्षकाचा जाच, हे सगळं गाण्यात यायचं आणि ते खोटं नव्हतं, म्हणून तर लोक ऐकत.

पण खबऱ्या म्हणून गावातल्या माणसाला मारून बाजूला चिठ्ठी टाकून जायचे ती चिठ्ठी पण त्याच हातची. गावात चिठ्ठी वाचली जायची आणि शहरात गाणी. शहरातल्या लोकांना गाणी फार आवडायची बाप्पा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती ६० जणांना घेऊन गडचिरोलीत शरण आला. हाच माणूस 'अभय' नावाने पक्षाचा प्रवक्ता म्हणून पत्रकं काढायचा. शरण यायच्या आधी पण पत्रक काढलं, की हत्यार खाली ठेवू, आणि मग त्यांच्यातल्याच दुसऱ्यांनी उलटं पत्रक काढलं. ही सगळी भांडणं आम्ही वॉट्सॅपवर वाचली. जंगलातल्या माणसाला ती माहीत होती का, मला शंका आहे.

गण्या_देवरुखकर
मावशी, स्टिकर डिलीट केला. ग्रुपवर का म्हणून विचारलं तर तुमचा प्रतिसादच पेस्ट केला, चालेल ना? दोघांनी वाचला, बाकीच्यांनी हसायचा इमोजी टाकला.

तांडेल_देवगड
मी अजून सेलिंग करतो, सध्या घरी आहे. दर्यावर्दींनी एक सांगितलं नाही, ह्या प्रचाराचे पहिले प्रेक्षक आम्हीच असतो. २०२४ च्या सुरुवातीला बाब अल मंदेबच्या, म्हणजे लाल समुद्राच्या तोंडावरच्या सामुद्रधुनीच्या आसपास एआयएसच्या स्क्रीनवर काय दिसायचं माहितीये? प्रत्येक जहाज आपलं नाव, वेग आणि पुढचं बंदर दाखवत असतं. बंदराच्या रकान्यात फक्त २० अक्षरं बसतात. तिथे बंदर लिहायचं सोडून लोक लिहायला लागले, सगळे खलाशी चिनी. कुणी लिहायचं, इस्रायलशी संबंध नाही. कुणी सशस्त्र गार्ड आहेत म्हणून. समुद्रात पाटी घेऊन उभं राहिल्यासारखं, आम्हाला मारू नका, आम्ही ते नाही. म्हणजे बघा, त्यांची गोष्ट आम्ही आमच्या यंत्रातून सांगत होतो, आम्ही 'चांगल्या' यादीतले हे सिद्ध करायला.

वर त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑफिसच काढलं, मानवतावादी समन्वय केंद्र असं काहीतरी गोंडस नाव, तिथून जहाज कंपन्यांना रीतसर ईमेल. लेटरहेड, जावक क्रमांक शोभावा अशी भाषा, आपलं जहाज बंदीयादीत आहे, सबब. आमच्या कॅप्टनने एक मेल वाचून दाखवला तेव्हा सेकंड इंजिनिअर म्हणाला, आपल्या ऑफिसपेक्षा ह्यांचा रिप्लाय लवकर येतो. हसलो सगळे, मग गप्प झालो.

टॉर्चवाला
तांडेल, भारीच. रील पब्लिकसाठी आणि ईमेल कंपन्यांसाठी. बंडखोर पण दिसायचं आणि सरकार पण.

सुमन_ताई
सगळं वाचलं. माझा मुलगा थर्ड इंजिनिअर आहे, पुढच्या महिन्यात जॉइन होतोय, बल्क कॅरिअर. एजंट म्हणतो आता शांत आहे काळजी नको. केप ऑफ गुड होपने जाणार की सुएझने ते अजून सांगत नाहीयेत. त्याला नाही म्हणता येतं का हो? की काँट्रॅक्ट मोडल्यासारखं होतं?

दर्यावर्दी
सुमनताई, शांत आहे हे असंच जुलै २०२५ मध्ये पण म्हणत होते. अमेरिकेशी हूथींचा समझोता मे महिन्यात झाला आणि ६ जुलैला मॅजिक सीजवर, ७ ला इटर्निटी सीवर हल्ला, दोन्ही जहाजं बुडवली, इटर्निटीवरची माणसं मेली पण. दोन्ही बल्कच होती. आणि दोन्हींचे व्हिडिओ आलेच, म्युझिकसकट.

नाही म्हणता येतं का, तर आधी काँट्रॅक्ट कुठल्या युनियन कराराखाली आहे ते बघा. आयबीएफ, म्हणजे जहाज कंपन्या आणि खलाशी युनियन यांच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचं जहाज असेल आणि तो पट्टा त्यांनी वॉरलाइक, म्हणजे युद्धासारखा धोक्याचा जाहीर केलेला असेल तर नकार देता येतो, कंपनीने स्वतःच्या खर्चाने घरी पाठवायचं, आणि गेला तर त्या पट्ट्यात असेपर्यंत बेसिक डबल. करार नसेल तर एजंटकडून जॉइन व्हायच्या आधी लेखी घ्या, फोनवरचं बोलणं धरू नका. दुसरं, नुसतं ह्या जहाजाचा इस्रायलशी संबंध नाही एवढ्याने भागत नाही, त्याच कंपनीचं दुसरं कुठलं जहाज तिकडच्या बंदरात गेलं असेल तरी हे लोक सगळा ताफा यादीत टाकतात. जहाज विकलं गेलं असलं तरी कधीकधी जुना मालकच धरून बसतात. त्यामुळे जहाजाचा आयएमओ नंबर मागून घ्या, नाव बदललं तरी तो बदलत नाही, त्यावरून मालक आणि ताफा काढता येतो. मला व्यनि करा, मी बघून सांगतो.

तांडेल_देवगड
ताई, डीजी शिपिंगची, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याची ॲडव्हायझरी पण बघून ठेवा, आणि एजंटचं खलाशी भरतीचं आरपीएसएल लायसन चालू आहे का तेही. मी घरी आहे तोवर फोनवर पण बोलू, दर्यावर्दींकडे माझा नंबर आहे.